मागचे ड्रम काढून डिस्क बसवायच्यात? आधी हँडब्रेकचं काय करणार ते ठरवा

वडिलांची ९८ची मारुती एस्टीम आहे, एमएच १३ पासिंग, अजून रोज चालते. तिचे मागचे ड्रम ब्रेक (गोल डब्याला आतून शू दाबतात ते) काढून मी डिस्क ब्रेक (उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात ते) बसवले आणि तेव्हापासून सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत जो भेटेल तो विचारतो, काय बे, कसं केलं, माझ्या गाडीला होईल का. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं लिहून काढतो. लांबलंय थोडं, पण ब्रेकचं काम आहे, अर्धवट वाचून स्पॅनर हातात घेऊ नका.

आधी खरं सांगतो, मी हे का केलं. अलॉय व्हील टाकले होते आणि त्यांच्या फटीतून मागचा गंजलेला ड्रम दिसायचा, बास, एवढंच कारण. गाडी थांबत नव्हती वगैरे काही नाही. तुमची गाडी थांबत नसेल तर मागं डिस्क लावून ती थांबणार नाही, कारण ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात. म्हणून आधी पुढची डिस्क, पॅड, रबरी होज (नळी), ब्रेक ऑइल हे सगळं नवं करा, मागचे शू नीट अ‍ॅडजस्ट करून घ्या, व्हील सिलिंडर (शू ढकलणारा) गळतोय का बघा. निम्म्या लोकांचं समाधान इथंच होतं आणि खर्चही फार येत नाही. आणि पुढंसुद्धा ड्रमच असतील, म्हणजे जुनी पद्मिनी वगैरे, तर मागचं नावच काढू नका, आधी पुढं डिस्क. मास्टर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा सिलिंडर) सिंगल सर्किटचा असेल तर त्याच्याही आधी डबल सर्किटचा टँडम मास्टर टाका. एक पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक जातात ओ, तिथं मागची डिस्क काय कामाची.

मागच्या डिस्कचे फायदे आहेत, नाही कशाला म्हणू. पाण्यातून गाडी काढली की डिस्क दोन-तीन दाबात कोरडी होते, ड्रममध्ये पाणी आणि चिखल दोन्ही बसून राहतात. उतारावर तापली तरी लवकर थंड होते. पॅड किती उरलेत ते चाक काढलं की दिसतं. पण ड्रममध्ये एक गुण असतो जो डिस्कमध्ये नाही, पुढचा शू ड्रमच्या फिरण्याबरोबर स्वतःच ड्रमवर ओढला जातो, त्यामुळं कमी जोरात जास्त पकड मिळते. हँडब्रेकला तर ह्याचा लई फायदा होतो. म्हणूनच कंपन्या अजूनसुद्धा कित्येक गाड्यांना मागं ड्रमच देतात आणि त्यात फक्त पैसे वाचवणं एवढाच हेतू नसतो.

एवढं वाचून पण करायचंच असेल तर आता गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा.

जुनी महिंद्राची सीजे जीप असेल तर तुम्ही नशीबवान, कारण तिचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागं वेगळ्या छोट्या ड्रमवर असतो, चाकाशी त्याचा संबंध नाही, मागं साधे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) लावले तरी चालतं. रिअर व्हील ड्राइव्ह गाडी, सरळ अ‍ॅक्सल, ड्रम नुसता स्टडवर (चाकाच्या बोल्टवर) सरकवलेला, ह्यात काम मध्यम. बॅकप्लेट (ड्रममागची, शू धरणारी प्लेट) काढायला बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढावा लागतो, तेव्हा बेअरिंग आणि ऑइल सील नवंच टाका, नाहीतर डिफरन्शिअलचं ऑइल नव्या पॅडवर येतं आणि मग पॅड फेकूनच द्यावे लागतात. तिसरी जात माझ्यासारखी, फ्रंट व्हील ड्राइव्ह, मागं नुसता स्पिंडल (न फिरणारा दांडा), आणि ड्रममध्येच बेअरिंग बसवलेले, म्हणजे ड्रम हाच हब. ड्रम काढला की चाक कशाला लावणार हा प्रश्न. त्याच्याकडं येतो पुढं.

आणि चाक मोजा. १२ इंची रिम असेल तर डिस्क आणि कॅलिपर आत मावायचं अवघडच. १३ला मावतो पण कॅलिपर बघून. पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून रिमच्या आत फिरवून बघा, सगळीकडं निदान ३ मिमी जागा राहिली पाहिजे. मी हे केलं नव्हतं आणि पहिली कॅलिपरची जोडी रिमला घासली, परत भंगारवाल्याकडं.

आता कॅलिपर. दोन गोष्टी बघायच्या, हँडब्रेकचा लिव्हर त्याच्यावरच आहे का आणि पिस्टन किती मिलिमीटरचा आहे. हँडब्रेकवाले मागचे कॅलिपर भंगारात ३० पासून ३८ मिमीपर्यंत मिळतात. लोक मोठा बघून उचलतात, मोठा म्हणजे भारी, आणि इथंच घोटाळा होतो. साधा हिशोब आहे, पिस्टनचा जोर त्याच्या व्यासाच्या वर्गावर जातो. समजा तुमच्या गाडीचा पुढचा पिस्टन ४८ मिमीचा आहे आणि मागं ३८चा लावला. ३८चा वर्ग १४४४, ४८चा २३०४, म्हणजे मागचा जोर पुढच्याच्या जवळपास ६३ टक्के झाला. डिस्कचा साइज आणि पॅड सारखे धरले तर एकूण ब्रेकपैकी साडेअडतीस टक्के मागं गेला. हलक्या शेपटीच्या गाडीला हे जास्त आहे, पावसात दाबला की मागची चाकं आधी लॉक होणार आणि गाडी फिरणार. तिथंच ३४चा लावला तर जोर निम्मा, म्हणजे एकूणात तेहतीस टक्के, त्यावर गाडीचा मूळचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचं प्रेशर रोखणारा) अजून कमी करतो. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या पहिल्या पिढीचा ३८वाला मागचा कॅलिपर जगभर लोक ह्या कामाला वापरतात, कॅलिपर चांगलाच आहे, पण त्याच गाडीला पुढं ५४ मिमीचा पिस्टन असतो हे कुणी सांगत नाही. मी ३४ घेतला.

कॅलिपर जुना घेतला तर रबर किट टाकायचंच आणि लिव्हर हातानं ओढून सोडून बघायचा, सोडल्यावर तो फटकन मागं स्टॉपला लागला पाहिजे. अर्ध्यात अडकत असेल तर घेऊ नका, आतला शाफ्ट गंजलाय. पिस्टन आत ढकलायचा म्हणून सी क्लॅम्प लावू नका, असले पिस्टन फिरवत फिरवत दाबून आत जातात, त्याचं टूल मिळतं. क्लॅम्पनं दाबला की आतली अ‍ॅडजस्टरची यंत्रणा गेली.

काम सुरू करताना पुढच्या चाकांना दगड, गाडी जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. ड्रम उघडला की आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आणि सगळं सुटं करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, स्प्रिंग कुठली कुठं होती ते परत लावायची वेळ आली तर लागतं.

माझ्यासारखा ड्रम म्हणजेच हब असेल तर उपाय असा, ड्रमचा बाहेरचा गोल भाग लेथवर टर्न करून काढून टाकायचा, बेअरिंगची घरं आणि चाक लागतं तो फेस तेवढा ठेवायचा, मग त्या फेसवर बाहेरून डिस्क सरकवायची. सोलापुरात लेथवाल्यांची कमी नाही, चादर-टॉवेलच्या मागांचे पार्ट करता करता त्यांचा हात असा बसलाय की मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटानं सांगतात. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्या अण्णांकडं गेलो ते आधी ड्रमकडं बघितले, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "नवा ड्रम कापायचा? डोकं ठिकाणावर आहे ना ओ?" समजावून सांगितल्यावर मात्र त्यांनीच मला शिकवलं की चक बाहेरच्या गोलावर धरायचा नाही, बेअरिंगच्या घरावर सेंटर घ्यायचं, कारण चाक फिरणार आहे बेअरिंगवर. कास्टिंग आहे, हळू फीडनं कापायचं. कापून झाल्यावर डाय पेनिट्रंट मारून तडा आहे का ते बघितलं. हे बघणं टाळू नका, ह्या हबवर चाक उभं राहणार आहे.

डिस्क निवडताना पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) तुमच्या गाडीचाच बघा म्हणजे भोकं पाडत बसायला नको, सॉलिड डिस्क घ्या आणि जाडी कॅलिपरच्या फटीला चालणारी. मधलं भोक हबवर घट्ट सरकणारं पाहिजे, लहान असेल तर लेथवर मोठं करता येतं, मोठं असेल तर सोडून द्या. आता एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती, डिस्कच्या टोपीची (हबवर बसतो त्या मधल्या भागाची) जाडी मध्ये आली की चाक तेवढं बाहेर जातं आणि व्हील स्टड तेवढा कमी पडतो. १२ मिमीचा स्टड असेल तर नट निदान १२ मिमी तरी त्याच्यावर चढला पाहिजे. माझा कमी भरला, लांब स्टड प्रेस करून घेतले.

डिस्क लावून दोन-तीन व्हील नट वॉशर घालून आवळा, डायल गेज (डिस्क किती डगमगते ते काट्यावर दाखवणारं मीटर) लावा आणि हळू फिरवा. माझा काटा पहिल्यांदा ०.१८ दाखवत होता. ०.१ मिमीच्या आत पाहिजे, नाहीतर पेडल थरथरतं. अण्णांनी डिस्क काढली, हबच्या फेसवर अंगठा फिरवला आणि नखानं एक बारीक खवला उचलला, गंजाचा, तिळाएवढा. पॉलिश पेपर मारून परत लावली तर ०.०६. त्या तिळानं अख्खी डिस्क वाकडी दाखवली होती.

ब्रॅकेट म्हणजे जिथं बॅकप्लेट होती तिथल्या बोल्टच्या भोकांवर बसणारी आणि कॅलिपरचा कॅरिअर (कॅलिपर ज्यात बसतो ती चौकट) धरणारी प्लेट. आधी पुठ्ठ्यात, मग ३ मिमी पत्र्यात, आणि सगळं जुळल्यावरच १० किंवा १२ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेटमध्ये कापा. डिस्क कॅरिअरच्या बरोबर मधोमध यायला पाहिजे, दोन्हीकडं फीलर गेजनं मोजायचं, फरक पडला तर मशीन केलेले शिम (पातळ चकत्या) घालायचे, वॉशरांची चळत नाही. बोल्ट हाय टेन्साइल, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेले, थ्रेड लॉक लावून टॉर्क रेंचनं आवळलेले. कॅरिअर कास्ट आयर्न असतो, त्याला वेल्डिंग करून कान जोडून देणारे लोक आहेत, त्यांच्या दारात गाडी उभी करू नका. ब्रेक मारल्यावर सगळा पीळ ह्या ब्रॅकेटवर येतो.

मग कॅलिपर लावताना माझा पोपट झाला तो सांगतो. डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं लावला, कारण तसं केबलला सोपं जात होतं. सगळं छान बसलं, रात्री बारापर्यंत ब्लीड करतोय (ब्रेकमधली हवा काढतोय), दीड बाटली ऑइल संपलं, पेडल आपलं स्पंजसारखं. धाकटा भाऊ चाकाजवळ बसला होता तो म्हणाला, दादा, ह्याचा निप्पल (हवा काढायचं तोंड) खाली आहे. हवा वर जाते आणि निप्पल खाली, मग हवा जन्मात निघणार आहे का. तर निप्पल वरच पाहिजे, ब्रॅकेट डिझाइन करतानाच हे बघा.

लोखंडी पाइपाचा शेवट आणि कॅलिपर ह्यांच्यामध्ये होज लागतो. गाडी जॅकवर उचलून चाक पूर्ण खाली लोंबत असताना होज ताणला जाऊ नये आणि खाली उतरवल्यावर कशाला घासू नये, दोन्ही बघा. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. फ्लेअर नट (लोखंडी पाइपाच्या टोकाचा) साध्या पान्यानं सोडवू नका, गोल होतो, फ्लेअर नट स्पॅनर घ्या. खूप जुन्या गाड्यांत ड्रमसाठी मास्टरमध्ये किंवा लाइनमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो साधारण १० पीएसआय प्रेशर कायम अडवून ठेवतो. ड्रमला स्प्रिंग असतात म्हणून चालतं, डिस्कला तेवढ्यानंच पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. तो काढायचा. जुन्या जीपसारखा मास्टर फ्लोअरखाली असेल आणि कॅलिपर त्याच्या वर येत असेल तर २ पीएसआयवाला लावायचा, नाहीतर ऑइल उलटं परत येतं.

आता हँडब्रेक, ज्याच्यासाठी एवढं नाव दिलं. केबल कॅलिपरच्या लिव्हरपर्यंत पोचली म्हणजे झालं असं नसतं. केबल ओढली जाते त्या रेषेतच लिव्हर हलला पाहिजे, केबलचं आवरण पक्क्या थांब्याला टेकलं पाहिजे आणि लिव्हरला पूर्ण फिरायला जागा पाहिजे. ट्रॅक्टरच्या, बाइकच्या केबल मापानं बनवून देतात तिथं करून मिळते, पण आतली तार जाड घ्या. अ‍ॅडजस्ट करायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी केबल एकदम सैल. मग ब्लीडिंग पूर्ण. मग इंजिन चालू करून पेडल तीस-चाळीस वेळा दाबायचं, त्यानं कॅलिपरमधला आपोआप अ‍ॅडजस्टर पॅडची फट भरून घेतो. आणि मग शेवटी केबल ओढून घ्यायची, ते पण एवढीच की हँडब्रेक खाली असताना दोन्ही लिव्हर स्टॉपला टेकलेले राहतील. बरेच मिस्त्री उलटं करतात, आधी केबल ताणतात, लिव्हर स्टॉपवरून उचलला जातो, त्यानं अ‍ॅडजस्टर काम करायचा थांबतो, आणि महिन्याभरात पेडलही खाली, हँडब्रेकही सैल.

मी पण तेच केलं होतं. तुळजापूरहून परत येताना घाट उतरलो, खाली रसवंतीवर रस प्यायला थांबलो, रस्ता थोडा उताराचा, हँडब्रेक ओढला आणि गाडी न्यूट्रलमध्येच. पाच-सात मिनिटांनी ग्लास तोंडाला लावलेला आणि गाडी आपली चालली, हळू, आवाज नाही काही नाही, रसवंतीच्या गाड्याकडं. भावानं पळत जाऊन चाकापुढं दगड टाकला म्हणून वाचलो. झालं काय होतं, घाटात डिस्क आणि पॅड तापून फुगले होते, त्या फुगलेल्या मापावर हँडब्रेक बसला, थंड झाल्यावर दोन्ही आकसले आणि पकड सुटली. केबल आधीच चुकीची ताणलेली, त्यामुळं लिव्हरला पुढं जायला जागा उरली नव्हती. नंतर वरच्या क्रमानं परत सगळं केलं, तरी गाडी तापलेली असताना उभी केली तर गिअरमध्ये टाकायची आणि दोन मिनिटांनी हँडब्रेक अजून एकदा ओढायचा ही सवय लावून घेतली. मागच्या डिस्कच्या हँडब्रेकला ही गोष्ट कायमची आहे.

ब्लीडिंगचा क्रम मॅन्युअलमध्ये असेल तोच. साधारणपणे मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, आपल्याकडं मास्टर उजवीकडं म्हणून मागचं डावं. माझ्या गाडीचं सर्किट तिरकं आहे, मागचं डावं आणि पुढचं उजवं एका सर्किटवर, म्हणून मागचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, पुढचं डावं असं केलं. हँडब्रेकवाल्या कॅलिपरमध्ये हवा अडकते, रबरी हातोडीनं हळू टकटक करत करत काढायची. ऑइल डॉट ४ घाला, कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असतो, डॉट ३चा २०५. आपल्याकडं मे महिन्यात चव्वेचाळीस अंशात घाट उतरायचा तर एवढा फरक पाहिजेच. उघडी बाटली वर्षभर ठेवून वापरू नका, हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी शिरलं की डॉट ४चा आकडा १५५पर्यंत खाली येतो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

मग पॅड बसवून घ्यायचे. मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मग पाच-सहा किलोमीटर ब्रेक न लावता फिरवून थंड. घरी येऊन इन्फ्रारेड थर्मामीटरनं दोन्ही डिस्क मोजा, एक जास्त तापत असेल तर तिकडचा पॅड अडकतोय.

शेवटची टेस्ट एकट्यानं करू नका. रविवारी सकाळी एमआयडीसीतला रिकामा रस्ता, थोडा ओला केलेला, मित्र बाजूला लांब उभा राहून चाकं बघणार, तुम्ही चाळीसवर सरळ रेषेत जोरात ब्रेक मारणार. पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर गाडी रस्त्यावर आणू नका, आधी मागचा जोर कमी करा, लहान पिस्टनचा कॅलिपर किंवा अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह पुढं-मागं वेगळं सर्किट असलेल्या गाडीत मागच्या लाइनला एक लावला की झालं, पण तिरक्या सर्किटच्या गाडीत मागच्या दोन लाइन वेगवेगळ्या असतात, तिथं दोन लागतात आणि दोन्ही सारखे सेट करावे लागतात. दोन्ही लाइन टी आकाराच्या जोडानं जोडून एकच व्हॉल्व्ह लावायची आयडिया एकानं मला दिली होती. तसं केलं की दोन्ही सर्किट एक होतात आणि टँडम मास्टरचा अर्थच संपतो.

कागदाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, काम सुरू करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा. जुनी गाडी पंधरा वर्षांनी रीपासिंगला जाते तेव्हा ब्रेक आणि हँडब्रेक बघतातच. ५०० किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट परत टॉर्कनं तपासा, होज घासलाय का बघा.

आणि लेथवर कापायला गाडीचे मूळ ड्रम देऊ नका, मार्केटमधून वेगळी जोडी घ्या. माझे मूळ ड्रम, बॅकप्लेट, शू आणि स्प्रिंगची पुडी ऑइल लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलीय. रीपासिंगला कुणी हरकत घेतली तर एका रविवारात गाडी होती तशी होते.